किचन नवं करायचंय? हातोडा पडण्याआधी कोणाची परवानगी लागते, कोणाची नाही

रमजान दोन-तीन महिन्यांवर आला की आपल्या बहुतेक घरांत एक विषय हमखास निघतो. ओट्याचा कडप्पा तडकलाय, सिंकखाली ओल येते, फ्रीज ठेवायला जागा नाही, आणि इफ्तारच्या वेळी तीन बाया एकदम बावर्चीखान्यात उभ्या राहिल्या तर चौथीला दारातून परत फिरावं लागतं. यंदा किचन करूनच घेऊ, असं ठरतं. ठेकेदार येतो, टेप लावतो, मोबाइलवर चार डिझाइनं दाखवतो आणि आठ दिवसांत काम सुरू. परवानगी? ठेकेदार हसतो. "घर तुमचं, किचन तुमचं, परवानगी कसली?"

शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा मुलांच्या अभ्यासाबरोबर असल्या गोष्टीही निघतात. कोणाच्या घरी महापालिकेची नोटीस आलेली असते, कोणाचं काम सोसायटीने मध्येच थांबवलेलं असतं आणि अर्धा ओटा तोडून घरात आठवडाभर बाहेरचं जेवण चाललेलं असतं. म्हणून आम्ही हा विषय एकदा नीट कागदपत्रांसह समजून घेतला. जे कळलं ते इथे सांगतो. हे महाराष्ट्रापुरतं आहे. मुंबई आणि बाकीचा महाराष्ट्र यांत कुठे फरक आहे, तेही सांगत जाऊ.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करायची ती अशी. काम दोन लाखांचं आहे की वीस हजारांचं, यावर परवानगी ठरत नाही. हातोडा कशावर पडतो यावर ठरते. चार लाखांचं मॉड्युलर किचन विनापरवानगी बसू शकतं आणि पाचशे रुपयांत पाडलेलं एक भोक गुन्हा ठरू शकतं.

परवानगी न लागणारी कामं

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (लोक याला एमआरटीपी म्हणतात) याच्या कलम ४३ मध्ये विकासकामासाठी परवानगी लागते असं सांगितलं आहे, पण तिथेच सूटही दिली आहे. इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरती देखभाल, सुधारणा किंवा बदल असेल आणि बाहेरच्या स्वरूपात ठळक फरक पडत नसेल, तर या कायद्याखाली परवानगी लागत नाही. वारसा यादीतल्या इमारतींना मात्र ही सूट नाही.

ठेकेदार लोक याच सुटीचा आधार घेतात, आणि अर्धंच सांगतात. कारण महापालिकेचा स्वतःचा कायदा वेगळा आहे. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३४२ लागतं. बाकीच्या महानगरपालिकांमध्ये महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २५४ लागतं. दोन्हींचा आशय एकच आहे. घरात भर घालायची असेल, किंवा इमारतीचा एखादा भाग काढून, बदलून, पुन्हा बांधून दुरुस्ती करायची असेल, तर आयुक्तांना आधी नोटीस द्यायची. 'टेनंटेबल रिपेअर्स' म्हणजे घर राहण्याजोगं ठेवण्यासाठीच्या किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत.

मुंबईच्या कायद्यात या दुरुस्त्यांची यादीच दिली आहे. प्लास्टर, रंग, दरजा भरणं. फरशी बदलणं. संडास, न्हाणी, मोरी यांची दुरुस्ती. ड्रेनेजचे पाइप, नळ यांची दुरुस्ती किंवा बदल. पाण्याची आणि विजेची फिटिंग बदलणं. त्याच साहित्याने छत बदलणं. म्हणजे जुना ओटा काढून त्याच जागी नवा ओटा, नव्या टाइल्स, नवं सिंक, ट्रॉल्या, कपाटं, वर छोटी चिमणी एवढंच तुमचं काम असेल, तर महापालिकेकडे जायची गरज नाही.

याच कायद्यात काय बसत नाही तेही लिहिलंय, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. घराची लांबी, रुंदी, उंची बदलणं. भार घेणारी भिंत किंवा कोणताही भार घेणारा भाग काढणं. जोतं किंवा जमीन खाली घेणं. माळा नव्याने टाकणं किंवा असलेला वाढवणं. वेगळ्या साहित्याने छत करणं. माळ्याचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. देगा, परात, लग्नातली भांडी ठेवायला किचनवर स्लॅबचा पोटमाळा टाकायचा, ही आपल्याकडची अगदी सर्रास गोष्ट. ती किरकोळ दुरुस्तीत मोडत नाही.

भिंत काढून किचन हॉलला जोडणं

सध्या 'ओपन किचन'ची हवा आहे. दोन खोल्यांच्या घरात मधली भिंत गेली तर जागा मोठी वाटते हे खरं. पण ती भिंत कसली आहे, हे ठेकेदाराने हाताने वाजवून सांगायचं नसतं.

जुन्या चाळी, बैठी घरं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन-तीन मजली इमारती यांत अनेकदा खांबच नसतात. नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतीच वरचा सगळा भार पेलतात. अशी भिंत काढणं म्हणजे वरच्या घराचा पाया काढणं. आरसीसी इमारतीत भार खांब आणि तुळया घेतात, मधली साडेचार इंची भिंत नुसती आडोसा असते. ती काढता येते, पण आधी अभियंत्याकडून तपासून आणि महापालिकेला विचारून, कारण किरकोळ दुरुस्तीच्या यादीत तिचं नाव नाही. तिसरा प्रकार अलीकडच्या टॉवरांचा. अनेक नव्या इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात, त्याला बांधकामवाले 'मायव्हन' म्हणतात. तिथे पातळ दिसणारी भिंतही काँक्रीटची आणि भार घेणारी असू शकते. वायर नेण्यासाठी तिच्यात खाच मारणंसुद्धा चुकीचं.

ओळखायचं कसं? मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग पाहायचं. सोसायटीकडे ते असायला हवं. नसेल तर मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून मागता येते. अर्जाचं शुल्क १० रुपये.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. चिमणीचा धूर बाहेर काढायला सहा इंची पाइप न्यायचा होता. ठेकेदाराने खडूने गोल काढला तो नेमका खिडकीवरच्या तुळईवर. आम्ही विचारलं, तर म्हणाला, "मास्टरसाब, एवढ्या भोकाने काय होतं? शंभर घरांत केलंय." ओळखीतले एक अभियंता योगायोगाने त्या दिवशी घरी आले होते. त्यांनी त्याच्या हातातलं मशीन बाजूला ठेवायला लावलं. तुळईच्या खालच्या भागात लोखंडी सळ्या असतात आणि भार त्यांच्यावर असतो. भोक पाडताना दोन सळ्या कापल्या गेल्या असत्या तर आम्हाला कळलंही नसतं, वरून टाइल लागली असती. शेवटी पाइप खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पत्रा लावून बाहेर काढला. दिसायला बरं नाही, पण वरच्या मजल्यावरचं कुटुंब आहे तसं नांदतंय.

परवानगी लागत नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धीसाई ही इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ही घटना सगळ्यांना आठवते, आणि खांब तोडू नये हे आता लहान पोरालाही कळतं.

पण २० मे २०२५ ची कल्याण पूर्वेची दुर्घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. तो स्लॅब खाली आला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेत तळमजल्यापर्यंत गेला. सहा जण ठार झाले. फरशी बदलणं हे वर सांगितलेल्या किरकोळ दुरुस्त्यांतलं काम. मरणारे लोक मात्र काम काढणाऱ्या घरातलेच असतात असं नाही. खालच्या घरात कोणी जेवत असतं, कोणी झोपलेलं असतं.

इथे थोडं गणित करू. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घरातल्या खोल्यांसाठी, किचनसुद्धा त्यात आलं, दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. माणसं, सामान, भांडी, फ्रीज सगळं त्यात. आता ठेकेदार म्हणतो, सिंकची जागा बदलायची तर पाइपला उतार हवा, म्हणून जमीन चार इंच वर घेऊ, विटांचे तुकडे आणि माल भरू. या भरावाचं वजन घनमीटरला १,९०० किलो धरलं तरी चार इंचांना दर चौरस मीटरवर जवळपास १९० किलो होतात. म्हणजे भांडं ठेवण्याआधीच सगळा हिशेब संपला! आठ बाय दहा फुटांच्या किचनमध्ये हे एकूण सुमारे १,४०० किलो. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी लावली, तर त्याची भर वेगळी.

ग्रॅनाइटच्या ओट्याचं वजन त्यामानाने बेताचं. वीस मिलिमीटर जाडीची दहा फूट लांब, दोन फूट रुंद लादी शंभर किलोच्या आसपास भरते, आणि ती भिंतीकडेला असते. धोका असतो तो काम चालू असताना. सिमेंटच्या वीस गोण्या एका कोपऱ्यात रचल्या की एक टन झाला. त्यात रेतीची पोती, टाइल्सचे खोके आणि फोडलेला राबिट. साहित्य थोडं थोडं वर न्यायला आणि मलबा त्याच दिवशी खाली उतरवायला सांगायचं. ब्रेकर मशीनने जुनी फरशी उखडायची असेल आणि इमारत तीस वर्षांच्या वर असेल, तर छिन्नी-हातोडीने हळू काम करून घेतलेलं बरं. मजुरी थोडी जास्त लागेल.

तीस वर्षांचा उल्लेख मुद्दाम केला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईत कलम ३५३ ब, इतर महानगरपालिकांत कलम २६५ अ. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. किचन काढण्याआधी सचिवांना एकच प्रश्न विचारा, "शेवटचं ऑडिट कधी झालं आणि आमच्या घराबद्दल त्यात काय लिहिलंय?" अहवालात तुमच्या किंवा खालच्या घराच्या स्लॅबच्या सळ्या गंजल्याचा उल्लेख असेल, तर आधी ती दुरुस्ती, मग टाइल्स.

ड्राय बाल्कनी, खिडकी, न्हाणी

किचनला लागून कपडे-भांडी धुण्याची छोटी ड्राय बाल्कनी असते. ती आत घेतली की किचन तीन-चार फूट वाढतं, आणि आता तर घर विकतानाच दलाल सांगतो की घेता येईल. मंजूर नकाशात ती बाल्कनी आहे तोवर ती बाल्कनीच. ती बंद करणं, बाहेरची भिंत पुढे नेणं, छज्जावर ओटा काढणं याने बाहेरचं स्वरूपही बदलतं आणि वापरलेलं चटईक्षेत्रही. त्यामुळे कलम ४३ ची सूट इथे मिळत नाही. मुंबईत विकास नियंत्रण नियमावली २०३४ आणि उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत नियमावली (यूडीसीपीआर) पाहून, परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत सुधारित नकाशा दाखल करावा लागतो.

नव्या जागी किचन नेताना अजून एक गोष्ट विसरली जाते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे किचनला किमान एक चौरस मीटरची खिडकी हवी, आणि ती मोकळ्या जागेकडे उघडणारी हवी, डक्टमध्ये नव्हे. सांडपाणी जाळीच्या आणि ट्रॅपच्या जोडणीतून पाइपला गेलं पाहिजे आणि वरच्या मजल्यावर जमीन पाणी न झिरपणारी हवी. बेडरूमचं किचन करायचं आणि किचनचं बेडरूम, हा बेत आखणाऱ्यांनी खालच्या घराचा विचार करावा. तुमच्या सिंकखाली त्यांचा पलंग येतो. न्हाणी-संडासाच्या बाबतीत तर नियमच आहे की खाली न्हाणी किंवा संडास नसेल तर जमीन पूर्ण जलरोधक हवी.

सोसायटीची परवानगी

महापालिकेची लागो न लागो, सोसायटीत राहत असाल तर समितीची लेखी पूर्वपरवानगी लागतेच. आदर्श उपविधींमध्ये सदस्याने सदनिकेत भर किंवा फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असं स्पष्ट आहे. अध्यक्षांनी जिन्यात "करा, करा" म्हटलं, ही परवानगी नव्हे. पुढच्या वर्षी समिती बदलली की तो शब्द कोणाला आठवत नाही.

आपल्या कितीतरी घरांत इथे एक वेगळीच अडचण येते. सदनिका अब्बांच्या नावावर असते. अब्बांचा इंतकाल होऊन पाच वर्षं झाली, वारसांची नोंद झालेली नाही, एक भाऊ दुबईत, एक बहीण सासरी. आता अर्जावर सही कोणाची? सोसायटीच्या दफ्तरी सदस्य म्हणून ज्याचं नाव आहे, अर्ज त्याचा लागतो. म्हणून आधी नामनिर्देशन किंवा वारसनोंदीचं काम मार्गी लावा, निदान सर्व वारसांचं संमतीपत्र घ्या. खर्च एकाने करायचा आणि उद्या वाटणीच्या वेळी "आम्हाला विचारलं होतं का?" हे ऐकायचं, त्यापेक्षा हा ताप आधी घेतलेला बरा. परदेशातल्या भावाची संमती ई-मेलवर आली तरी तिची प्रत काढून फाइलला लावा.

अर्ज कसा लिहायचा हे बरेच जण विचारतात. वर्गात पत्रलेखन शिकवताना आम्ही मुलांना सांगतो तेच: विषय एका ओळीत, मजकूर मुद्द्याचा. नमुना असा:

"प्रति, माननीय सचिव, (संस्थेचं नाव). विषय: सदनिका क्रमांक ___ मधील किचनच्या अंतर्गत कामास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी वरील सदनिकेचा सदस्य असून किचनमधील जुना ओटा व फरशी काढून त्याच जागी नवीन बसवणे, नळ व विजेची फिटिंग बदलणे एवढे काम करणार आहे. खांब, तुळई, स्लॅब व बाहेरील भिंतीस हात लावला जाणार नाही. काम दिनांक ___ ते ___ या काळात, संस्थेने ठरवलेल्या वेळेत होईल. मलबा उचलण्याची जबाबदारी माझी राहील. ठेकेदाराचे नाव व संपर्क, कामाचा रेखानकाशा आणि अभियंत्याचा अभिप्राय सोबत जोडला आहे. कामामुळे गळती किंवा नुकसान झाल्यास दुरुस्ती मी स्वखर्चाने करून देईन. तरी लेखी परवानगी मिळावी, ही विनंती."

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. समिती अनामत रक्कम मागू शकते, तिची पावती घ्या. आणि समिती उगाच अडवत असेल, किंवा एकाला परवानगी आणि दुसऱ्याला नकार असा भेदभाव करत असेल, तर नकाराचं कारण लेखी मागा. ते कागद हातात असल्याशिवाय उपनिबंधकांकडे जाऊन उपयोग नाही.

भाड्याचं किंवा पागडीचं घर

मदनपुरा, नागपाडा, भेंडी बाजारच्या आसपास पागडीवर राहणाऱ्या कुटुंबांना ही भीती असते की ओट्याला हात लावला की मालक घर खाली करायला लावेल. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं, तर मालक जागेचा ताबा मागू शकतो, हे खरं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १६(१)(ब). पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, हेही लिहिलंय: लाकडी पार्टिशन, किचनमधला उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धूर बाहेर टाकणारा पंखा किंवा चिमणी. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेतलेली असली पाहिजे, एवढीच अट. कायदा करणाऱ्यांना ओट्याचं महत्त्व कळलं होतं म्हणायचं! तरीही मालकाला रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवून ठेवा आणि काम सुरू होण्याआधीचे फोटो काढून ठेवा. कोर्टात कायद्याइतकेच कागद बोलतात.

दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींमध्ये म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचाही संबंध येतो. मंडळाने इमारत धोकादायक ठरवली असेल, तर किचनवर पैसे घालण्याआधी मंडळाच्या कार्यालयात एक फेरी मारा. इमारतच पुनर्विकासाला जाणार असेल तर तो ग्रॅनाइट दोन वर्षांत मलब्यात जाईल.

गॅस आणि वीज

पाइपच्या गॅसचा मीटर किंवा नळी हलवायची असेल तर ते काम कंपनीने नेमलेल्या माणसानेच करायचं, प्लंबरने नाही. कंपनीकडे विनंती नोंदवा, शुल्क भरा, ते येऊन करतात. गॅसची नळी टाइल्सच्या आत किंवा बंद कपाटात दडपू नये. ट्रॉलीवाले सौंदर्यासाठी हेच सुचवतात. सिलिंडर असेल तर तो उभा, शेगडीच्या पातळीच्या खाली, हवा खेळेल अशा जागी. ओट्याखाली दाराचं कपाट केलंत तर दाराला खाली झडपा ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते.

घरून डबे किंवा बिर्याणीच्या ऑर्डरी करणाऱ्या बहिणींनी लक्षात ठेवावं की घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणं नियमात बसत नाही. त्यासाठी व्यावसायिक जोडणी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. किचन नव्याने करताना हे सोबतच उरकून घ्यावं.

विजेचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल मागा. इंडक्शन, ओव्हन, मिक्सर, गिझर सगळं आलं की मंजूर भार अपुरा पडतो. एक इंडक्शन शेगडीच दोन हजार वॅटच्या आसपास खेचते. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे, मुंबईत तुमच्या भागाच्या वीज कंपनीकडे, ऑनलाइन करता येतो. सिंकजवळच्या प्लगांसाठी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र, इलेक्ट्रिशियन त्याला आरसीसीबी म्हणतात, बसवाच.

गावाकडचं घर

महाड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरीकडे सुट्टीत येऊन किचन काढणारे बरेच आहेत. आखातातून आलेल्या माणसाकडे वेळ तीस दिवसांचा असतो, म्हणून परवानगी मागे राहते. ग्रामपंचायत हद्दीत बांधकाम किंवा पुनर्बांधकामासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. आतला ओटा बदलायला कोणी विचारत नाही. पण मागच्या परसात भिंत काढून पत्र्याची शेड टाकली आणि चूल तिथे नेली, तर ते वाढीव बांधकाम झालं. नगरपरिषदेच्या हद्दीत घर असेल तर नगरपरिषद. समुद्र किंवा खाडीलगत असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध येतात, त्यामुळे घर बाहेर वाढवण्याआधी चौकशी कराच. निघण्यापूर्वी महिनाभर आधी गावातल्या नातेवाइकाकडून अर्ज देऊन ठेवला तर सुट्टी वाया जात नाही.

विनापरवाना झालंच असेल तर

अनधिकृत विकासासाठी एमआरटीपीच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. कलम ५३ खाली पूर्ववत करण्याची नोटीस येते. शिवाय महापालिका अनधिकृत भागावर मालमत्ता कराच्या दुपटीएवढी शास्ती लावू शकते. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ही गैरसमजूत फार लोकांना महागात पडली आहे.

नोटीस आली की ती फाडून टाकू नका आणि कोणा 'सेटिंग' करणाऱ्याला गाठू नका. तिच्यावरची तारीख आणि कलम पाहा, मुदतीत लेखी उत्तर द्या. नियमात बसणारं काम असेल तर परवानाधारक अभियंत्यामार्फत नियमित करण्याचा अर्ज करता येतो. नियमात न बसणारं असेल, तर स्वतः काढून टाकणं सगळ्यात स्वस्त.

शेवटी मलब्याचं. फोडलेला ओटा आणि टाइल्स रात्री नाल्याकाठी किंवा कब्रस्तानच्या भिंतीला लागून टाकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. यावर दंड होतो, आणि पावसात तोच नाला आपल्याच मोहल्ल्यात तुंबतो. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात शुल्क भरून मलबा उचलून नेण्याची सोय करून घेता येते. ठेकेदाराशी दर ठरवतानाच मलबा कोण आणि कुठे टाकणार हे कागदावर लिहून घ्या, आणि मलबा टाकल्याची पावती आणल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

काम संपल्यावर एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा: सोसायटीची परवानगी, अभियंत्याचा अभिप्राय, गॅस कंपनीची पावती, विजेचा चाचणी अहवाल, टाइल्स लावण्याआधी काढलेले पाइप आणि वायरिंगचे फोटो. उद्या खालच्या घरात ओल उतरली तर कुठे फोडायचं हे त्या फोटोंवरून पाच मिनिटांत कळतं.